वाचकांचे प्रश्न : बिघडलेल्या मडक्यांचा पुरावा

गेल्या अंकात आम्ही इंग्लंडमधल्या इ.स. ४५० ते ११०० या काळातल्या कुंभारकामावर लेख छापला होता. रोमन सत्ता संपल्यावर तिथून चाक आणि भट्टी दोन्ही जवळपास नाहीशी झाली, आठव्या शतकात इप्सविच गावात भट्टी परतली आणि नवव्या शतकाच्या अखेरीस वेगाचं चाक परतलं, हा त्याचा गाभा. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. मापं आणि तापमानं विचारणारे बरेच होते, म्हणून ती हात न राखता दिली आहेत.

एकदा आलेली विद्या अख्खा देश विसरतो कसा? रोमन काळात चाकावरची, भट्टीत भाजलेली भांडी घरोघरी होती ना?
(निवृत्त शिक्षिका, सांगली)

विद्या विसरली गेली, यापेक्षा गिऱ्हाईक गेलं असं म्हणणं जास्त खरं. चौथ्या शतकात ऑक्सफर्डशायरमध्ये आणि नेन नदीच्या खोऱ्यात भांड्यांचे मोठे उद्योग होते. त्यांचा माल दूरदूरच्या बाजारांत जाई. सैन्याची खरेदी, नाणी, रस्ते आणि शहरांचे बाजार या चार गोष्टींवर ते चालत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या नाण्यांचा पुरवठा आटला, सैन्य गेलं, शहरं ओस पडू लागली. भट्टी एकदा पेटवली की तिच्यातली सगळी भांडी खपली पाहिजेत. ती खपत नसतील तर सरपणाचा खर्चही निघत नाही. दोन पिढ्या शिकाऊ पोरं चाकावर बसली नाहीत की तिसऱ्या पिढीला शिकवायला कोणी उरत नाही.

यात एक उदाहरण फार बोलकं आहे. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरची काळी घोटीव भांडी रोमन काळातही हातानेच घडवत आणि उघड्यावर भाजत. तरीही ती पार उत्तरेला, रोमन सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या ठाण्यांपर्यंत पोचत. तंत्र साधं होतं, पण बाजार मोठा होता. हा धंदाही बाकीच्यांबरोबरच बुडाला. तंत्र कठीण म्हणून ते हरवलं असतं तर ही साधी भांडी टिकायला हवी होती.

पुढची तीन शतकं भांडी घरगुती गरजेपुरती, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून केली जात. ‘हाताने केलेलं’ म्हणजे ओबडधोबड, असा अर्थ मात्र काढू नका. नॉरफोकमधल्या स्पाँग हिल इथे १९७२ ते १९८१ या काळात उत्खनन झालं. तिथल्या स्मशानभूमीत दोन हजारांहून जास्त दहनं मिळाली आणि बहुतेकांच्या अस्थी मातीच्या कुंभांत ठेवलेल्या होत्या. त्यातल्या अनेक कुंभांवर रेघा, उठावाचे फुगवटे आणि ठशांची नक्षी आहे. सफोकमधल्या वेस्ट स्टो या वस्तीत सांबरशिंगाचे असे ठसेही सापडले. एकाच ठशाची खूण वेगवेगळ्या स्मशानांतल्या कुंभांवर दिसली तर कुंभार एक असावा किंवा निदान ठसा एक असावा, असं धरून माल कुठून कुठे गेला ते शोधता येतं.

आमच्याकडे कुंभार अजून आवा लावतात. मडकी चांगली होतात. मग उघड्यावरच्या भाजणीला अभ्यासक खालचा दर्जा का देतात?
(वाचक, सोलापूर जिल्हा)

देऊ नये, आणि जाणकार देतही नाहीत. आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडचा आवा म्हणजे निव्वळ उघडा जाळ नव्हे. गोवऱ्या, काटक्या, पाचट आणि भांडी यांचे थर रचून वरून खापरं, राख आणि ओल्या मातीचं लिंपण असतं. त्यामुळे उष्णता कोंडली जाते आणि ती हळू चढते. इंग्लंडमधल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या भांड्यांवरचे डाग पाहिले तर तिथली भाजणी याहून उघडी असावी, असं दिसतं.

उघड्या जाळात अडचण कमाल तापमानाची नसते. ते ६०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातं. अडचण वेगाची असते. वीस-तीस मिनिटांत पारा ७०० अंशांवर जातो, तिथे काही मिनिटंच टिकतो आणि मग उतरतो. शिवाय त्याच ढिगात एका बाजूचं भांडं दुसऱ्या बाजूच्या भांड्यापेक्षा दोनशे अंशांनी थंड असू शकतं. इतक्या घाईत मातीतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला वाट हवी. म्हणून मातीत जाडसर वाळू, कुटलेला दगड, भुसा किंवा शेण मिसळतात. भुसा जळतो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. आपले कुंभार घोड्याची लीद आणि राख घालतात, त्यामागेही हेच कारण आहे.

अशा भांड्याचा चुलीवर फायदाच होतो. कमी भाजलेली, भरड आणि सच्छिद्र भिंत अचानक तापली तरी तडा पसरत नाही, पोकळीपाशी अडतो. हेच भांडं काचेसारखं घट्ट भाजलं तर कालवणाला तितकं धड राहणार नाही. तोटा पाझरण्याचा.

पुरातत्त्वाच्या नजरेतून उघड्या भाजणीची खरी खोट वेगळीच आहे. ती मागे काही ठेवत नाही. चार-सहा सेंटिमीटर लालसर झालेली माती आणि थोडी राख, एवढंच. एका नांगरटीत ते पुसलं जातं. म्हणून स्मशानात हजारो कुंभ मिळतात, पण ते जिथे भाजले ती जागा क्वचितच मिळते.

भट्टीची नेमकी रचना सांगा. शक्य असल्यास भाजणीचा क्रमही द्या. मातीकामाच्या कार्यशाळेत लहान भट्टी करून पाहायची आहे.
(कलाशिक्षक, कोल्हापूर)

नवव्या ते अकराव्या शतकात थेटफर्ड, टॉर्कसी, स्टॅमफर्ड, नॉर्विच अशा गावांत जी भट्टी सर्वसाधारण होती, तिला एकच तोंड असे आणि जाळ खालून वर जाई. इंग्लंडच्या मध्ययुगीन भट्ट्यांचं आजही चालणारं वर्गीकरण जॉन मस्टी यांनी १९७४ मध्ये मांडलं. तेही मुख्यतः जाळ घालायची तोंडं किती, यावरच आधारलेलं आहे. एक तोंड, समोरासमोर दोन तोंडं आणि अनेक तोंडं, अशी ती चढण.

जमिनीत साधारण १ ते १.५ मीटर व्यासाचा, ४० ते ६० सेंटिमीटर खोल गोल खड्डा घ्यायचा आणि आतून मातीचं जाड लिंपण द्यायचं. एका बाजूने ३० ते ५० सेंटिमीटर रुंदीची जाळवाट काढायची. ती गुऱ्हाळाच्या चुलवणासारखी, आत किंचित चढती असली की ओढ चांगली बसते. तिच्यासमोर जाळ घालणाऱ्याला उतरून बसता येईल एवढा दुसरा खड्डा. भट्टीच्या मधोमध मातीचा खांब किंवा भिंतीला जोडलेला ओटा. त्याच्या माथ्यापासून भिंतीपर्यंत मातीचे दांडे आडवे टाकायचे, किंवा भोकं पाडलेला मातीचा तळ करायचा. त्यावर भांडी. वर घुमट आणि घुमटाला धुराची वाट.

घुमट कायमचा होता की प्रत्येक भाजणीला नवा, हा वाद जुना आहे. नांगर आधी वरचाच भाग नेतो, त्यामुळे उभा घुमट कुठे मिळत नाही. खड्ड्यात पडलेल्या भाजक्या मातीच्या ढेकळांवर काटक्यांचे ठसे असतील तर सांगाड्यावर लिंपून घुमट बांधला होता. आमच्या मते लहान भट्टीला, भांडी वरूनच रचायची असल्याने, दर वेळी खापरं आणि ओली माती यांचं झाकण करणं जास्त सोयीचं पडे. कार्यशाळेसाठी तुम्हीही तेच करा.

भाजणीचा क्रम असा. भांडी निदान आठवडाभर सावलीत आणि मग एक दिवस उन्हात वाळवा. पालथी रचा, मोठी खाली आणि लहान वर, प्रत्येक थरात बोटभर फट ठेवून. काचझिलई नसेल तर भांडी एकमेकांना टेकली तरी चालतं. पहिले तीन-चार तास जाळ जाळवाटेच्या बाहेर, तोंडाशीच ठेवा. आत फक्त ऊब गेली पाहिजे. या टप्प्यात भट्टी १२० अंशांपुढे जाता कामा नये. वरच्या वाटेवर थंड लोखंडी पट्टी क्षणभर धरा. तिच्यावर दव जमत असेल तर पाणी अजून निघतंय. दव जमणं थांबलं की जाळ हळूहळू आत सरकवा आणि तासाला शंभर अंशांच्या आसपास चढ ठेवा. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान चिकणमातीच्या कणांत रासायनिक बांधलेलं पाणी सुटतं. या टप्प्यानंतर ती पुन्हा भिजवून मळता येत नाही. ५७३ अंशांना वाळूतल्या गारगोटीचे स्फटिक एकदम फुगतात. उतरताना याच अंशाला ते आकसतात. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा इथे घाई नको.

पुढे रंगावर चाला. अंधारात जेमतेम दिसणारा लाल म्हणजे ६०० ते ७००, चेरीसारखा लाल म्हणजे ७५० ते ८००, नारिंगी म्हणजे ९०० ते ९५०. साध्या मातीला नारिंगीच्या पुढे नेऊ नका. शेवटी बारीक, कोरडं, लगेच पेटणारं लाकूड लागतं. जाड ओंडके निखारे साठवतात आणि जाळवाट तुंबवतात. आतून १ मीटरच्या भट्टीला दहा-बारा तास आणि तीन-चारशे किलो सुकं सरपण हाताशी ठेवा.

आता राखाडी रंगाबद्दल. थेटफर्ड आणि इप्सविचची भांडी करडी दिसतात, ती मातीमुळे नव्हे. त्या मातीत लोह आहे आणि मोकळ्या हवेत भाजली तर ती लाल होते. कमाल तापमान गाठल्यावर कुंभार जाळवाटेत ओलं लाकूड कोंबतो आणि खालची-वरची दोन्ही तोंडं मातीने बंद करतो. आतला जाळ प्राणवायू शोधत भांड्यातल्या लोहाच्या लाल ऑक्साइडमधून तो ओढून घेतो आणि उरतं ते करडं-काळं ऑक्साइड. भट्टी गरम असताना उघडली तर बाहेरून हवा शिरते आणि पृष्ठभाग पुन्हा तांबूस होतो. म्हणून खापराची मोड, म्हणजे फुटल्यावर उघडी पडलेली बाजू, पाहा. गाभा करडा आणि कडा लाल असतील तर शेवटी हवा मिळाली. आतून लाल आणि बाहेरून करडं असेल तर शेवटी तोंडं बंद केली. बंद केल्यावर निदान एक पूर्ण दिवस हात लावू नका.

खापर हातात घेऊन ते चाकावरचं की हाताचं, हे कसं ओळखायचं?
(पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, पुणे)

आतली बाजू आणि बूड पाहा, बाहेरची बाजू फसवते. वेगाच्या चाकावर माती एका गोळ्यातून वर ओढतात, म्हणून आतून बुडाच्या मध्यापासून निघालेली सलग सर्पिल खाच काठापर्यंत जाते आणि भिंतीची जाडी एका उंचीवर सगळीकडे सारखी राहते. चाक फिरत असताना दोऱ्याने कापलेल्या बुडाखाली एका बाजूला गोळा होणाऱ्या शिंपल्यासारख्या वक्र रेषा दिसतात.

वळ्यांचं भांडं आडव्या सांध्यावर फुटतं आणि मोडीत तिरका, गुळगुळीत जोड दिसतो. इप्सविचची भांडी या दोहोंच्या मधली आहेत. वळ्यांनी उभारून हाताने हळू फिरवायच्या चकतीवर त्यांना आकार दिला आहे. काठाजवळ फिरवल्याच्या खाचा आहेत, पण खाली भिंत जाड-पातळ होते. त्यांचं बूड बाहेर झुकलेलं गोलसर असतं. गोल बुडाला कोपरा नसल्याने चुलीवर तिथे तडा जात नाही. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. हाताचं भांडं फिरत्या चकतीवर ओल्या कापडाने पुसलं तरी बाहेरून चाकाचंच वाटतं.

लेखात ‘बिघडलेला माल हाच सर्वांत मोठा पुरावा’ असं वाक्य होतं. फुटक्या मडक्यांतून एवढं काय कळणार?
(वाचक, नाशिक)

चांगलं भांडं विकलं जातं आणि शंभर मैलांवर फुटतं. बिघडलेलं भांडं भट्टीपाशीच पडून राहतं. म्हणून कुठे काय बनत होतं हे बिघडलेलं भांडंच सांगतं, आणि ते का बिघडलं यावरून भट्टी कशी चालवली हे कळतं.

पृष्ठभागावरून गोल चकत्या उडून खळगे पडले असतील तर भांडं ओलं असतानाच जाळ वाढवला. अंगावर फोड आले असतील आणि मोडीत स्पंजासारखी पोकळी व काळा गाभा असेल तर तापमान मातीच्या सहनशक्तीपलीकडे गेलं. पृष्ठभाग वितळून बंद झाला आणि आतला कर्ब जळून निघालेला वायू कोंडला. कलंडलेली, काठ चेपलेली, एकमेकांत वितळलेली भांडी जाळवाटेच्या तोंडासमोरची असतात, कारण तिथली झळ सर्वांत कडक.

तड्यांचं वाचन जरा अवघड आहे. वाळतानाचा तडा काठाशी रुंद आणि खाली निमुळता असतो, त्याच्या कडा बोथट असतात. भट्टी लवकर उघडल्याने थंड होताना गेलेला तडा केसासारखा बारीक आणि कडांना धारदार असतो. भांड्यावर काचझिलई असेल तर काम सोपं होतं. झिलई तड्याच्या आत उतरली असेल तर तडा आधीचा, झिलईसकट चिरलं असेल तर नंतरचा. चाकावरच्या भांड्याच्या बुडाला इंग्रजी ‘एस’सारखा वळणदार तडा दिसला तर कुंभाराने तळ पुरेसा दाबला नव्हता, किंवा भिंत आधी आणि तळ नंतर वाळला.

मातीत चुनखडीचे किंवा शिंपल्याचे तुकडे असतील तर वेगळंच होतं. साधारण ६५० ते ८५० अंशांच्या दरम्यान चुनखडीचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून धडधाकट निघतं. मग हवेतला ओलावा शोषून चुना फुगतो आणि चार-आठ दिवसांनी शंकूच्या आकाराचा टवका उडतो. खळग्याच्या तळाशी पांढरा कण दिसतो. शिंपला मिसळलेल्या मातीची भांडी बेताच्या आचेवर भाजत, ती याचमुळे.

आता सावधगिरी. कचऱ्याच्या ढिगात जास्त भाजलेली खापरं प्रमाणाबाहेर दिसतात. कमी भाजलेली भांडीही तितकीच बिघडली असतील, पण ती पावसात आणि हिमात विरघळून पुन्हा माती होतात. किंचित वाकडी भांडी स्वस्तात विकली गेली, किंवा कुंभाराच्या घरीच वापरली गेली. म्हणजे ढीग पाहून ‘हा कुंभार नेहमी जास्त जाळायचा’ असं म्हणता येत नाही. दुसरी चूक याहून मोठी. भट्टीच्या पोटात सापडलेली भांडी तिच्या शेवटच्या भाजणीचीच, असं धरलं जातं. बहुतेकदा ती भट्टी बंद पडल्यावर खड्डा बुजवायला टाकलेली, शेजारच्या भट्टीचीही असू शकतात. दांड्यांवर रचलेल्या स्थितीत, किंवा तळाला चिकटून मिळाली तरच ती शेवटच्या भाजणीची.

मोजणीही नीट हवी. खापरांची नुसती संख्या सांगून उपयोग नाही, कारण रांजणाची दोनशे शकलं होतात आणि वाडग्याची दहा. वजनात जाड भांडी वरचढ ठरतात. म्हणून काठाचे तुकडे वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून प्रत्येक तुकडा पूर्ण काठाच्या किती टक्के आहे ते पाहतात. २५ टक्के, ४० टक्के आणि ३५ टक्के असे तीन तुकडे मिळाले की हिशोबाला एक भांडं. हे प्रत्यक्ष भांड्यांचं मोजमाप नाही, पण दोन भट्ट्यांची तुलना याने करता येते.

भाजलेला गोल खड्डा सापडला तर तो कुंभाराचाच कशावरून?
(वाचक, पणजी)

नुसत्या आकारावरून नाहीच. धान्य वाळवायच्या भट्टीलाही गोल खड्डा आणि लांब जाळवाट असते, पण तिची माती फक्त लालसर होते आणि राखेत जळके दाणे मिळतात. चुनाभट्टीत भिंतीला पांढरा थर आणि अर्धवट भाजलेले चुनखडीचे दगड. रोटीच्या भट्टीला तळ सपाट आणि जाळवाट वेगळी नसते. कुंभाराच्या भट्टीची आतली भिंत करडी-हिरवट, जागोजागी काचेसारखी झालेली, तिच्यामागे लाल माती. भिंतीवर लिंपणाचे अनेक थर दिसले तर तेवढ्या वेळा डागडुजी झाली. शिवाय दांड्यांचे तुकडे आणि बिघडलेला माल हवाच. दोन्ही नसतील तर ‘भट्टी’ एवढंच लिहावं, कुणाची ते लिहू नये.

भट्टीचा काळ चुंबकीय पद्धतीने काढतात म्हणजे काय? भांड्यांवरून काढला तर चालत नाही का?
(भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, नागपूर)

भांड्यांवरून काढला तर तर्क वर्तुळात फिरतो. भांड्यांचा काळ भट्टीवरून आणि भट्टीचा भांड्यांवरून, असं होऊन बसतं.

मातीत मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट हे लोहाचे चुंबकीय कण असतात. मॅग्नेटाइट सुमारे ५८० आणि हेमेटाइट सुमारे ६७५ अंशांपुढे आपलं चुंबकत्व गमावतो. थंड होताना त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल ती कणांत गोठते. ही दिशा शतकागणिक हलते. त्यामुळे भट्टीच्या तळातली दिशा मोजून त्या प्रदेशाच्या ज्ञात आलेखाशी ताडली की शेवटच्या भाजणीचा काळ निघतो. बांधणीचा नव्हे, शेवटच्या भाजणीचा.

नमुने दहा-पंधरा लागतात, भट्टीच्या वेगवेगळ्या बाजूंचे. प्रत्येकावर काढण्याआधीच उत्तर दिशा आणि पातळी अचूक कोरावी लागते. तळाचे नमुने भिंतीपेक्षा भरवशाचे, कारण भिंत मातीच्या दाबाने कलते. कोसळलेला घुमट या कामाला निरुपयोगी. हाती येणारी मर्यादा चांगल्या परिस्थितीत पन्नास ते शंभर वर्षांची असते, आणि आलेख स्वतःलाच छेदत असेल तर दोन वेगळे काळ मिळतात. त्यातून निवड नाण्यांच्या किंवा थरांच्या पुराव्याने करायची. आलेख प्रादेशिक असतो, ब्रिटनचा आलेख दख्खनला लावता येत नाही.

उष्मादीप्ती पद्धत, म्हणजे खापर तापवून त्यातून निघणारा क्षीण प्रकाश मोजणं, थेट खापरावर चालते, पण तिच्यात वयाच्या पाच ते दहा टक्क्यांची चूक धरावी लागते. अकराशे वर्षांच्या खापरासाठी ती साधारण ५५ ते ११० वर्षं होते. मध्ययुगाच्या कामाला ही फूटपट्टी जरा जाडच.

याच चुंबकत्वामुळे न खणताही भट्टी दिसते. १९५८ मध्ये मार्टिन एटकेन यांनी पीटरबरोजवळच्या वॉटर न्यूटन इथे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक मोजणारं उपकरण, फिरवून रोमन काळातली भट्टी शोधली. पुरातत्त्वात त्या उपकरणाचा हा पहिला यशस्वी वापर. आज भट्ट्यांचा शोध बहुधा इथूनच सुरू होतो. गाडलेला लोखंडी तुकडाही असाच ठळक दिसतो, म्हणून खणून खात्री करणं सुटत नाही.

वेगाचं चाक व्हायकिंगांनी इंग्लंडमध्ये आणलं, असं वाचलं. ते तर लुटारू होते.
(वाचक, न्यू जर्सी)

त्यांनी स्वतः आणलं असेल, असं वाटत नाही. त्यांच्या मायदेशी चाकावरच्या भांड्यांची परंपराच नव्हती. पण कालक्रम दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ट्रेंट नदीकाठच्या टॉर्कसी इथे ८७२-७३ च्या हिवाळ्यात त्यांच्या मोठ्या सैन्याने तळ ठोकला, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. तळाची जागा सुमारे ५५ हेक्टरची. त्यानंतर लवकरच त्याच गावात चाकावरच्या, भट्टीत भाजलेल्या भांड्यांचा उद्योग उभा राहतो. मॉरिस बार्ली यांनी १९४९ पासून १९६० च्या दशकापर्यंत तिथल्या भट्ट्या खणल्या, पुढे आणखीही सापडल्या. आधीची स्थानिक भांडी शिंपला मिसळलेली, हाताची. आकार, चाक आणि भट्टी तिन्ही एकदम बदलतात, तेव्हा शिकलेला कारागीर बाहेरून आला हे मानावं लागतं. भांड्यांचं साम्य उत्तर फ्रान्स आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशाशी आहे. सैन्यामागोमाग, स्वखुशीने किंवा पकडून, तिकडचे कुंभार आले असावेत, हा आज सर्वांत पटणारा अर्थ.

स्टॅमफर्डला हे आणखी ठळक दिसतं. तिथे कमी लोहाची माती मिळते, ती भाजल्यावर जवळपास पांढरी राहते. त्यावर शिशाची पिवळट-हिरवी झिलई. रोमनांनंतर इंग्लंडमध्ये अशी झिलई नव्हती. शिशाचं ऑक्साइड ८८८ अंशांना वितळतं आणि मातीतल्या वाळूशी मिळून त्याहूनही खाली काच होऊ लागतं, म्हणून तीच भट्टी यालाही पुरते. शिशाची वाफ मात्र विषारी. कोल्हापूरच्या कलाशिक्षकांनी हा प्रयोग मुलांबरोबर करू नये. स्टॅमफर्डची माती जास्त आच सोसते म्हणून तिच्या मुशी धातू वितळवायलाही वापरत. यॉर्क आणि लिंकनच्या कारागिरांच्या वस्त्यांत त्या सापडल्या आहेत.

इप्सविचची भट्टी मात्र यांच्या खूप आधीची, सुमारे ७२० च्या आसपासची. कार स्ट्रीट आणि कॉक्स लेन या परिसरात तो कुंभारवाडा होता. ती भांडी इप्सविच ज्यात होतं त्या पूर्व अँग्लियाच्या राज्यात साध्या खेड्यांतही मिळतात, राज्याबाहेर मात्र बंदरं, मठ, मोठ्या जमीनदारांच्या वस्त्या अशा ठिकाणीच आणि त्यातही मोठे घडे व तोटीची भांडी जास्त. बाहेर बहुधा भांडं नव्हे, त्यातला माल जात होता.

विहीर खणताना जळकी माती आणि खूप खापरं लागली. काय करावं?
(शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

आधी यंत्र थांबवा. ती जागा वीटभट्टीची, चुन्याची, लोहारकामाची किंवा नुसती जळलेल्या घराचीही असू शकते. पण कुंभाराची भट्टी असणं अशक्य नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली भट्टी मिळाली आहे. पेन किंवा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि मोबाइलवर जागेची खूण करून घ्या. भाजक्या भिंतीचे किंवा तळाचे तुकडे उपटू नका. जागेवरून हललेल्या तुकड्याची चुंबकीय दिशा गेली ती गेली. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला तहसील कार्यालयामार्फत लेखी कळवा.

खणलेल्या ढिगाऱ्यातली खापरं उचलायला हरकत नाही. ब्रशने घासू नका, सावलीत वाळवा आणि किती खोलीवर मिळाली ते चिठ्ठीवर लिहून कापडी पिशवीत ठेवा. नक्षीची, सुबक तेवढीच वेचण्याचा मोह होतो. तसं करू नका. वाकडी, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली आणि हिरवट काच चढलेली ढेकळं आधी घ्या.